'आनंदी रहा' सोडून गरोदर बाईला काय सांगायचं?

चोपड्याची_गटप्रवर्तक

राम राम मंडळी. ग्राम आरोग्य व पोषण दिनाला अंगणवाडीत गरोदर महिलांशी अर्धा तास बोलायचं आहे. विषय दिलाय 'गरोदरपणातील मानसिक आरोग्य'. हातात जे पत्रक आहे त्यात गोळ्या, लस, आहार सगळं व्यवस्थित आहे आणि मनाबद्दल एकच ओळ: 'मातेने आनंदी राहावे, चिंता करू नये.' ही ओळ वाचून दाखवली तर बाया मान हलवतील, खिचडी घेतील आणि घरी जातील.

मला तीन गोष्टी हव्यात. मन खालीवर होणं कुठपर्यंत नेहमीचं आणि कुठून पुढे दवाखान्याचं? सासू शेजारी बसलेली असताना सुनेला विचारायचं कसं? आणि उद्यापासून घरी करता येईल असं काय सांगायचं? 'सकारात्मक विचार करा' छापाचं नको. आहारतक्ताही नको, तो पाठ आहे. इथे सिस्टर, डॉक्टर, समुपदेशक बरेच आहेत म्हणून इथेच विचारते.

भरीत_पार्टी

'आनंदी रहा' म्हणजे लाइट गेल्यावर फोन केला की 'सहकार्य करा' म्हणतात ना, त्यातलंच.

सिस्टर_यावल

ताई, चांगला धागा. पहिल्या प्रश्नाचं मी सांगते.

पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन वाढतं. त्याने झोप येते, अंग गळून जातं. मळमळ साधारण ६व्या आठवड्यापासून सुरू होते, ९व्याच्या आसपास जास्तीत जास्त असते आणि १४ ते १६ आठवड्यांपर्यंत बहुतेकींची ओसरते. या काळात उगाच रडू येणं, वासाने चिडचिड, 'टिकेल ना' ही धास्ती, नवरा जवळ आला तरी नको वाटणं, हे सगळं नेहमीचं. मधले तीन महिने त्यातल्या त्यात बरे. शेवटच्या तीन महिन्यांत झोप मोडते, लघवीला उठावं लागतं, बाळंतपणाची भीती डोकं वर काढते.

नेहमीच्या चढउताराची खूण अशी की तो येतो आणि जातो. सकाळी रडली, दुपारी बहिणीचा फोन आला की हसली. दवाखान्याची खूण अशी की दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उतरलेलं, आणि ज्यात आधी जीव रमायचा त्यातही रमत नाही. वेळ मिळूनही झोप लागत नाही, पोटात मळमळ नाही तरी घास जात नाही, 'मीच वाईट, बाळाला मी काय सांभाळणार' हे सारखं तोंडात, तपासणीच्या तारखा चुकवते. यातलं काही दिसलं तर वाट बघू नका.

पण मनाचं म्हणण्याआधी रक्त बघा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. रक्त कमी असलं की धाप लागते, छातीत धडधडतं, कशातच लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झाली. थायरॉइड कमी असेल तरी तसंच, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्यावी.

आणि लोहाची गोळी दिली म्हणजे पोटात गेली असं नाही. ती चहासोबत घेतली तर अंगाला लागत नाही. कॅल्शियमसोबतही नको, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत द्यायची. शौचाला काळं होतं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाई घाबरून पुडी फडताळात ठेवून देते आणि विचारलं की 'घेतली' म्हणते.

आडगावकर_नाना

सगळ्यालाच आजार म्हणायची नवी टूम निघाली आहे. पूर्वीच्या बाया कापूस वेचता वेचता बाळंत व्हायच्या. तेव्हा कुठे होतं डिप्रेशन?

भरीत_पार्टी

काय भो नाना, तेव्हा बांधावर किती बाया मेल्या तेही सांगा की.

मनोविकार_ओपीडी_धुळे

नाना, तेव्हाही होतं. त्याला 'बाहेरचं झालं' म्हणायचे आणि उतारा टाकायचे.

आकडा हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा देतो. जगभरात गरोदर महिलांपैकी सुमारे १० टक्के आणि बाळंतिणींपैकी १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, त्यात मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हेच प्रमाण गरोदरपणी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के. म्हणजे ताईंच्या बैठकीत २० जणी बसल्या तर त्यातल्या दोन-तीन जणींपुरता हा विषय निव्वळ माहितीचा नसतो.

आता दुसरा प्रश्न, विचारायचं कसं. आपल्याकडे कोणी 'मी उदास आहे' म्हणत येत नाही. तक्रार शरीराची असते. जीव घाबरतो, काळजात धडधडतं, डोकं जड, हातापायाला मुंग्या, करमत नाही. म्हणून विचारणंही शरीराकडून मनाकडे न्यावं. आधी झोप, मग जेवण, मग घरी कामाला कोण मदत करतं, मग 'मन कशात लागतं', आणि शेवटी 'कधी जगणं नकोसं वाटतं का'. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही. उलट ज्या बाईच्या मनात तो आहे तिला कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.

कागदावर हवं असेल तर दोन साधनं आहेत. पहिलं तुमच्या आशा घरोघरी भरून घेतात त्या आरोग्य-तपासणीच्या सी-बॅक फॉर्ममध्येच आहे: गेल्या दोन आठवड्यांत एखादी गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही असं कितीदा झालं, आणि उदास, निराश वाटलं असं कितीदा झालं. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढे पाठवा. तो फॉर्म तिशीपुढच्यांचा, पण हे दोन प्रश्न विचारायला वय आड येत नाही. दुसरं म्हणजे एडिनबरा प्रश्नावली, १९८७ ची. ती बाळंतिणींसाठी बनवली होती, गरोदरपणीही वापरतात. १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, एकूण ३० गुण. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे. १०वा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसायचं नाही.

सिस्टर_यावल

+१. आणि जागा सांगते. पोट तपासताना पडदा ओढलेला असतो, तेव्हा सासू बाहेरच असते आणि त्यात कोणाला वावगंही वाटत नाही. तेवढ्या पाच मिनिटांत विचारून होतं. बैठकीत सगळ्यांसमोर अजिबात विचारू नका. फोनवरही नको. बऱ्याच घरी फोन नवऱ्याचा असतो आणि स्पीकरवर असतो.

अहिराणी घरांत प्रमाण मराठीत प्रश्न टाकला की बाई 'हो ताई, नाही ताई' करते. 'रातले झोप लागस का? मनमा काय चाली ऱ्हायनं? घरमा कोणी बोलस का तुले?' असं विचारलं की बोलायला लागते. तुमच्या पट्ट्यात लेवा घरंही आहेत, तिथे लेवा बोलीत.

लेकमायची

एक विचारू का? 'जगणं नकोसं वाटतं का' याचं उत्तर 'हो' आलं तर आशाताईने त्या क्षणी काय करायचं? हे कोणी सांगतच नाही.

मनोविकार_ओपीडी_धुळे

बरोबर प्रश्न. घाबरायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, 'बाळाचा विचार कर' असं म्हणायचं नाही. तो विचार तिने हजारदा केलेला असतो आणि त्यानेच ती जास्त अपराधी झालेली असते.

कधीपासून वाटतं, कसं करायचं ते ठरवलंय का, हे शांतपणे विचारा. ठरवलं असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या तिच्या विश्वासाच्या एका माणसाला तिच्यासमोर सांगायचं आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. टेली-मानस १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहून द्या, पण हातात नंबर दिला म्हणजे आपलं काम संपलं असं नाही.

आणि आपल्या भागापुरतं फार महत्त्वाचं: फवारणीचं औषध. कपाशी आणि केळीच्या घरांत अर्धी राहिलेली बाटली पडवीत, खाटेखाली, नाहाणीच्या फळीवर असते. घरच्यांना सांगा की सगळ्या बाटल्या एका पेटीत टाका, कुलूप लावा, किल्ली घरातल्या कोणाकडे आहे हे बाईला ठाऊक नको. उंदराचं औषधही त्यातच. ती विचारांची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच जीव वाचतो.

आडगावकर_नाना

हे औषधाचं मात्र पटलं. शेतातल्या शेडमध्ये ठेवा, घरात नकोच.

मनोविकार_ओपीडी_धुळे

शेडलाही कुलूप, नाना.

रावेरची_केळी

थोडं हलकं बोलू का? कळण्याची भाकर, ठेचा, शेवभाजी, यातलं काय चालतं? सासूबाई प्रकार एकेक बंद करत चालल्या की बाईचा मूड जातो, हे पण मानसिक आरोग्यच की.

आहार_सल्ला_भुसावळ

अगदी खरं. खाण्यावरून रोज होणारी टोकाटोकी हा मोठा ताण आहे आणि त्यातली निम्मी विनाकारण असते.

कळण्याची भाकर बिनधास्त. ज्वारी आणि उडीद एकत्र, उत्तमच. केळं सर्दी करत नाही, खाऊ द्या. भरीत चालतं. शेवभाजी-ठेच्याने जळजळ होते ती पोट वरच्या बाजूला दाबलं गेल्यामुळे आणि अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडल्यामुळे. म्हणून बंद करायची गरज नाही, रात्री नको, दुपारी थोडी घ्यावी आणि जेवून लगेच आडवं होऊ नये. बिबडे-पापडाचं मीठ बीपी असलेल्या बाईने सांभाळावं, इतकंच.

मळमळ असेल तर उठायच्या आधी अंथरुणातच कोरड्या भाकरीचा तुकडा चावायचा, दहा-पंधरा मिनिटांनी उठायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, दर दोन तासांनी चार घास. जेवताना घटाघटा पाणी नको, मधल्या वेळात घोट घोट. तरीही पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल तर ते 'डोहाळे' नव्हेत, सलाईन लागतं. इतकी उलटी होणाऱ्या बाईचं मन खचतंच. तिला 'सगळ्यांनाच होतं' म्हणणं क्रूर आहे.

माती, खडू, भिंतीचा पोपडा खावासा वाटत असेल तर हसू नका, ओरडू नका. बहुतेक वेळा लोह कमी असतं. रक्त तपासा.

भरीत_पार्टी

चला, भरिताला क्लीन चिट मिळाली. धागा सार्थकी लागला.

फिजिओ_जळगाव

ताईंचा तिसरा प्रश्न, घरी काय करायचं. बैठकीत बोलत बसण्यापेक्षा करूनच घ्या, आठ-दहा मिनिटं लागतात.

श्वास: भिंतीला पाठ टेकून बसायचं, एक हात छातीवर, एक पोटाच्या वरच्या भागावर. नाकाने मनात ४ आकडे म्हणत श्वास घ्यायचा, वर यायला हवा तो पोटावरचा हात. ६ आकडे म्हणत सोडायचा. सोडणं लांब असण्यातच गंमत आहे, त्याने धडधड उतरते. श्वास रोखून धरायचा नाही. गरोदरपणात कपालभाती आणि कुंभक नकोच. दिवसातून दोनदा पाच पाच मिनिटं, आणि हे घाबरल्यावर पहिल्यांदा करून उपयोग नाही, बरं वाटत असतानाच सवय लावायची. चक्कर आली तर समजा घाईने घेतेय. आकडे कमी करा, ३ आणि ५.

अंग सैल सोडणं: पायाच्या बोटांपासून सुरू. बोटं आवळा, पाच मोजा, सोडा. मग मांड्या, मग मुठी, मग खांदे कानाकडे, मग जबडा. पोट आवळायचं नाही. आणि पोटऱ्या ताणताना पंजा खाली न दाबता स्वतःकडे ओढायचा, नाहीतर गोळा येतो.

जीव एकदम घाबरला तर: दोन्ही तळपाय जमिनीवर, गार फरशी असेल तर उत्तम. तोंडावर पाणी. डोळ्यांसमोरच्या पाच वस्तू नावाने मोठ्याने म्हणायच्या, चूल, सूप, तांब्या, खुंटी, कोंबडी, जे दिसेल ते. मग वरचा श्वास. हे वीसेक मिनिटांत उतरतं. छातीत दुखणं, धाप, ओठ निळसर असं काही असेल तर मात्र तो घाबरटपणा धरायचा नाही, १०८ लावा.

झोप: २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपावं, डावी कूस चांगली. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, त्याने चक्कर आणि घाबरल्यासारखं होतं. गोधडीची वळकटी करून एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीमागे. रात्री जाग आली आणि उताणी दिसली तर वळायचं, घाबरायचं कारण नाही. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास. चहा चारनंतर नको.

तापीकाठ

उन्हाळ्याचं सांगा कोणीतरी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात पत्र्याचं घर.

फिजिओ_जळगाव

हो, ते राहिलं. पाणी कमी पडलं की धडधड वाढते, डोकं दुखतं, पोट कडक होऊन खोट्या कळा येतात, आणि बाईला वाटतं काहीतरी बिघडलं. आधी दोन ग्लास पाणी पिऊन डाव्या कुशीवर तासभर पडा. कळा थांबल्या तर ठीक. कळा वाढत गेल्या आणि ठरावीक अंतराने येत राहिल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर दवाखाना. फिरणं सकाळी सातच्या आत. दुपारी पत्र्याखाली बसण्यापेक्षा निंबाखाली खाट टाका, मानेला ओलं फडकं. लघवीचा रंग फिकट राहील इतकं पाणी, हे माप सगळ्यांना कळतं.

सातपुडा_पायथा

धडगाव-अक्कलकुव्याकडचं थोडं. तुमच्या बैठकीला लागू नसेल, पण धाग्यावर राहू द्या.

इकडे भीती वेगळी असते. रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी पाड्यापर्यंत येईल का, ही. तिथे श्वासाचा व्यायाम सांगण्याआधी जायचं कसं हे ठरवून देणं हाच मनाचा उपचार. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहता येतं, सोबत एक माणूसही. बाईला ती खोली आधीच एकदा दाखवून आणा. बघितलेल्या जागेची भीती निम्मी होते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी इकडे चुकवायची नाही. आजार असलेल्या बाईला हातपाय दुखतात, थकवा राहतो आणि तिला 'नाटकं करते' ऐकावं लागतं. तिला लोहाची गोळीही डॉक्टरला विचारूनच. अमृत आहार योजनेच्या जेवणाला अंगणवाडीत येते तो वेळ तिच्याशी बोलायला सगळ्यात चांगला, हात कामात असतात आणि घरचं कोणी नसतं. पावरी-भिलोरी बोलणारी सेविका सोबत घ्या. आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बाईच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड द्या, घरी पेटीत ठेवून जातात.

लेकमायची

मला वाटतं सगळ्यात मोठा ताण अजून कोणी बोललंच नाही. पहिली मुलगी आहे आणि आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. डोहाळजेवणात ओटी भरताना प्रत्येक बाई 'मुलगाच होईल' म्हणते. ती बिचारी झोक्यावर हसत बसलेली असते.

चोपड्याची_गटप्रवर्तक

अगदी हेच. आमच्याकडे लपवून सगळ्यात जास्त रडतात त्या याच बाया.

सिस्टर_यावल

बैठकीत सासवांसमोर सरळ सांगा: बाईकडून नेहमी एक्सच येतो, एक्स की वाय हे पुरुषाकडून ठरतं. दोष द्यायचाच झाला तर पोराला द्या. हशा पिकतो, पण घरी जाऊन बोललं जातं. लिंग सांगणं-विचारणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा, हेही त्यातच उरकून घ्या. आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात, पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात. काही घरांत हा आकडा बाकी सगळ्यापेक्षा लवकर पटतो, काय करणार.

मारहाण होत असेल तर १८१, महिलांची हेल्पलाइन. तो नंबर मात्र कार्डावर लिहायचा नाही. पाठ करून घ्यायचा.

एमआयडीसी_शिफ्ट

इथे चटईच्या कारखान्यात बऱ्याच बाया आहेत. नोकरी जाईल या भीतीने पाचव्या महिन्यापर्यंत सांगत नाहीत. कायदा काय?

लेकमायची

१० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर २६ आठवडे पगारी रजा, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी. दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे. गरोदर आहे म्हणून काढता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. हजेरी आणि पगाराचा पुरावा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

गुलमोहर_धुळे

गर्भसंस्काराच्या वर्गाबद्दल काय मत? आणि कोणी आधीपासून डिप्रेशनच्या गोळ्या घेत असेल तर?

मनोविकार_ओपीडी_धुळे

गोळ्यांचं आधी. दिवस गेल्याचं कळल्याबरोबर स्वतःहून गोळ्या बंद करणं हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा. आजार उलटतो, आणि उलटलेला आजार बाळालाही बाधतो, कारण आई जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला येत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सरट्रालिन, गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही डॉक्टरच्या देखरेखीत वापरतात. व्हॅल्प्रोएट (फिट आणि मनाच्या काही आजारांवर देतात ते) मात्र गरोदरपणात टाळायचं औषध, त्याने बाळात जन्मजात दोष होऊ शकतात. ते चालू असेल तर मनाने बंद न करता लगेच डॉक्टर गाठा, आणि खरं तर मूल हवं असं ठरवतानाच बदलून घ्यायला हवं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. स्त्रीरोगतज्ज्ञापासून मनाच्या गोळ्या लपवू नका.

गर्भसंस्कार: गाणी ऐकायला, वाचायला, शांत बसायला माझी काही हरकत नाही. साधारण सहाव्या महिन्यापासून बाळाला आवाज ऐकू येतात हे खरंच आहे. माझी हरकत त्या एका वाक्याला आहे, 'तू रडलीस तर बाळ रडकं होईल.' याने बाई रडायची थांबत नाही, रडल्याबद्दल घाबरायला लागते. एक दिवस रडल्याने बाळाला काही होत नाही. ज्या वर्गात हे वाक्य ऐकवतात तो वर्ग सोडा.

वाटाड्या

आधी एखादं मूल पोटात गेलेलं असेल तर ही सगळी तपशीलवार चर्चा तिला वेगळीच टोचते. बैठकीत 'पहिलटकरीण कोण कोण' असा हात वर करायला लावू नका. ज्या आठवड्यात मागच्या वेळी गेलं तो आठवडा ओलांडेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो, त्या सुमारास आशाताईने एक फेरी जास्त मारावी. आणि 'दुसरं होईल' हे तिला सांगू नये, कुणीच.

सिस्टर_यावल

फार मोलाचं. अशा बाया दिवसभर हालचाल मोजत बसतात. त्यांना वेळ ठरवून द्या: २८ आठवड्यांनंतर रोज एकदा, जेवण झाल्यावर, कुशीवर पडून. दोन तासांत १० हालचाली झाल्या की मोजणं बंद. झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ शांत वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट नाही.

आडगावकर_नाना

सगळं बाईला सांगता आहात. घरातल्या गड्याने काय करायचं ते पण लिहा. तोही बाहेर ओट्यावर बसलेलाच असतो.

भरीत_पार्टी

नाना, आज सूर्य तापीतून उगवला!

लेकमायची

नाना, लिहून घ्या. पाण्याचे हंडे आणि सिलिंडर त्याने उचलायचे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी मजुरी बुडवून सोबत जायचं आणि आत जायचं, बाहेर तंबाखू मळत उभं राहायचं नाही. जाण्याआधी तिचे प्रश्न कागदावर लिहून घ्यायचे, कारण डॉक्टरसमोर ती विसरते. रोज वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून बसायचं. ती बोलेल ते ऐकायचं, त्यावर उपाय सांगायचे नाहीत, 'त्यात काय एवढं' तर नाहीच नाही. गाडी कोणाची, रक्त कोण देणार, १०२ आणि १०८ दोन्ही नंबर, हे आठव्या महिन्यात ठरवून तिला सांगायचं. जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा सुजणं, रक्त जाणं, हे त्यालाही पाठ पाहिजे.

सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबतीला घरची एक बाई राहू शकते, २०१६ पासून तशी परवानगी आहे. ती कोण हे बाईने निवडायचं, घरच्यांनी नाही.

सिस्टर_यावल

एक राहिलं आणि ते आपल्याकडे फार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई दुसऱ्या तालुक्यात जाते आणि सासरच्या आशाची नजर सुटते, माहेरच्या आशाला पत्ताच नसतो. नेमकं याच काळात आणि बाळंत झाल्यावर लक्ष हवं. ती निघायच्या आधी माहेरच्या गावच्या आशाचा नंबर मिळवा आणि स्वतः फोन करून सांगा, मनाबद्दल काही जाणवलं असेल तर तेही, पण बाईला विचारून.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येतं, ते बहुतेकींना येतं, दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे राहिलं तर मघाचं सगळं लागू.

मनोविकार_ओपीडी_धुळे

आणि हजारात एक-दोघींना वेगळंच होतं. बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. झोप अजिबात नाही आणि तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणं, 'हे बाळ माझं नाही', कोणी काहीतरी करतंय असा संशय. हे त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याचं काम आहे. भगताकडे जायचं असेल तर घरच्यांशी भांडत बसू नका, पण दवाखाना आधी. बाळाला आणि आईला एकटं ठेवायचं नाही. उपचाराने बाई चांगली बरी होते, हे माहेरच्यांना ठामपणे सांगा.

चोपड्याची_गटप्रवर्तक

सगळ्यांचे आभार, हे अर्ध्या तासाचं नाही, तीन बैठकांचं झालं. मी असं करते. पहिल्यांदा दहा मिनिटं श्वास आणि झोपायची पद्धत, खाली सतरंजीवर करून. मग येतं-जातं आणि दोन आठवड्यांचं. सासवांसाठी एक्स-वाय आणि औषधाची पेटी. विचारायचं काम बैठकीत नाहीच, पोट तपासताना सिस्टर विचारतील, आशांना मी दोन प्रश्न अहिराणीत आणि लेवा बोलीत लिहून देते. माहेरचा नंबर कार्डावर घ्यायला उद्यापासूनच सांगते. वेळ सकाळी ११ ची ठेवली आहे.

तापीकाठ

११ ला नको ताई. नळाचा दिवस असला तर कोणी येणार नाही.

रावेरची_केळी

आणि बाजाराच्या दिवशी पण नको. कापूस वेचणी सुरू झाली असेल तर संध्याकाळी पाचनंतर ठेवा, गड्यांनाही ओट्यावरून आत बोलावता येईल.

चोपड्याची_गटप्रवर्तक

नळाचं लक्षातच आलं नव्हतं. पाच वाजता ठेवते. सिस्टर तेव्हा मोकळ्या असतात का ते विचारून सांगते.